फोनवर जमलं नाही म्हणून

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आई तू "जेवलीस का" विचारतेस आणि माझं तोंडातलं तोंडातच राहतं, म्हणून लिहितेय. बायकांच्या आणि समलिंगी, ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर अभ्यास करायची फेलोशिप मी घेतली. राजीनामाही देऊन झाला. आधी विचारलं नाही याचं खूप वाईट वाटतंय, पण बाबांचा काळजीचा आवाज ऐकला असता तर माझा पाय निघाला नसता.

बाबा, तुम्ही म्हणालात आजार सगळ्यांना सारखेच, मग बायकांचा आणि समलिंगी, ट्रान्स लोकांचा वेगळा अभ्यास कशाला. आजार सारखे असतील हो, पण दवाखान्याच्या दारातच फरक पडतो. अभ्यासासाठीच्या मुलाखतीत एक बाई भेटली, कित्येक वर्षं दोघी एकत्र संसार करतायत. फॉर्मवर 'पतीचे नाव' या रकान्यात पेन टेकवून बसली, शाईचा ठिपका पसरत गेला, शेवटी कागदाची घडी पर्समध्ये टाकून तपासणी न करताच घरी आली. त्यात तिला कुणीतरी सांगितलेलं, पुरुषाशी संबंध नाही तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी नको. साफ चूक, ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो एचपीव्ही बाईकडून बाईलाही होतो. 1990 पर्यंत डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत समलैंगिकता होती, मग ही माणसं डॉक्टरकडे जायला कचरणारच ना? आणि अमेरिकेत 1977 ते 1993 औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना वगळा असं तिथल्या सरकारी औषध खात्याचंच, एफडीएचंच, म्हणणं होतं.

मावशी दुखतंय म्हणायची तेव्हा तिला सगळे "टेन्शन घेतेस" म्हणत राहिले, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

पैसे कमी आहेत पण पुरतात, तुम्हाला पाठवते त्यात काही फरक नाही. खोलीत छान ऊन येतं, मेस खालीच आहे, रात्री सोबत असते. लहानपणी मला ताप आला की बाबा थर्मामीटर उजेडाकडे धरून दोनदा वाचायचे आणि आई, तू कपाळावर हात ठेवून त्यांच्या आधीच आकडा सांगायचीस. इथे आजारी पडले की तो हात आठवतो गं.

आता तुझं. जिना चढताना दम लागतो, जबडा दुखतो, त्याला ॲसिडिटी म्हणायचं बंद कर. बायकांना छातीत कळ न येताही हार्टचा त्रास असू शकतो, दम, मळमळ, पाठ नाहीतर जबडा दुखणं असा. उद्याच ईसीजी. बाबा, बाहेर पेपर वाचत बसू नका, आत जा, पण बोलू तिलाच द्या. आणि त्याआधी दुखायला लागून थांबलं नाही तर उद्याचीही वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. रागावून नाही लिहीत, जीव घाबरतो माझा. रिपोर्टचा फोटो सरळ धरून काढा, मागच्या वेळी अर्धा कापला गेलेला.

तुमची,
चिऊ