काळी तिर्री मागू नकोस, असे सांगणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते कल्याण असा प्रवास आपण सहा जणांनी अकरा वर्षे केला आणि त्यातली निम्मी वर्षे मी जवळजवळ प्रत्येक डावाला चुकीचा भिडू मागत होते. तुम्ही निवृत्त झालात, पास बंद केलात, आणि शेवटच्या दिवशी पेढ्यांच्या गडबडीत मला जे बोलायचे होते ते राहून गेले. म्हणून हे जाहीर पत्र.

आपला काळ्या तिर्रीचा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चारही दुऱ्या काढून 48 पाने उरतात, सहा जणांना प्रत्येकी आठ. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे प्रत्येकी 10 गुण, पंजीचे 5, आणि इस्पिकच्या तिर्रीचे एकटीचे 30. सारे मिळून 250. ज्याची बोली, म्हणजे आपली बाजू किती गुण करील तो आकडा, सर्वांत मोठी, तो हुकूम ठरवतो आणि आपल्या हातात नसलेली दोन पाने मागतो. ती ज्यांच्याकडे असतील ते त्याचे भिडू, पण पान पडेपर्यंत त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. (नियम घरोघरी बदलतात, हे आपल्या डब्याचे.)

तो डाव मला अजून पानासकट आठवतो. बदामाचा राजा, राणी, दश्शी, पंजी. किलवरचा राजा आणि गुलाम. चौकटचा एक्का आणि इस्पिकची सत्ती. मी 160 बोलले, बदाम हुकूम केला आणि मोठ्या तोऱ्यात बदामाचा एक्का आणि काळी तिर्री मागितली. मला वाटले, तीस गुण घरात आले. इगतपुरी सोडल्यावर इस्पिकची पहिलीच उतारी झाली. तिर्री ज्यांच्याकडे होती त्यांच्यापाशी इस्पिकात तेवढे एकच पान होते, मलाही सत्ती लावणे भाग होते, आणि तिर्री समोरच्या बाजूच्या एक्क्याखाली गेली. पुढे घाईने उतरलेला माझा किलवरचा राजाही तसाच गेला, आणि 160 बोलून आम्ही 115 वर आटोपलो.

तुम्ही तेव्हा विरुद्ध बाजूला होतात. गाडी कसारा घाटातल्या बोगद्यांतून उतरत असताना तुम्ही गुडघ्यांवरच्या बॅगेवर माझी आठ पाने पुन्हा मांडलीत, किलवरच्या राजावर बोट ठेवलेत आणि म्हणालात, "अगं, भिडू मागितलास की पाहुणा? आता त्याची सरबराई तूच कर."

तिर्री हे सर्वांत लहान पान. ते गुण आणते, पण एकही हात जिंकत नाही, उलट त्याला सांभाळायला आपलेच हात खर्च होतात. त्याऐवजी किलवरचा एक्का मागितला असता, तर ज्या पानाची मला धास्ती होती तेच माझ्या बाजूला आले असते, त्याच्याखाली माझा गुलाम सुखाने गेला असता आणि राजा त्यानंतर राजासारखा चालला असता. जिथे आपल्याकडे एकही पान नाही त्या रंगाचा एक्का मागणे बहुधा वाया, कारण तिथे आपण हुकमाने कापू शकतो, हेही तुम्ही त्याच बोगद्यात सांगितलेत. तिर्री मागायची ती हातात जिंकणारी पाने भरपूर असून फक्त गुण कमी पडत असतील तेव्हा, किंवा इस्पिकच हुकूम असेल आणि तिर्रीलाही कापता येत असेल तेव्हा.

दोन्ही मागितलेली पाने एकाच्याच हातात निघाली की मी नशिबाला बोल लावत असे. तुम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला हिशेब करून दाखवलात: एक पान कोणाकडे तरी आहेच, उरलेल्या 39 पानांपैकी 7 त्याच हातात, म्हणजे साधारण साडेपाच डावांमागे एकदा दोघांविरुद्ध चौघे अशी गत होणार. तेव्हापासून दोन भिडूंशिवाय जी बोली पेलणार नाही, ती बोलण्यापूर्वी मी थांबू लागले. मागणी म्हणजे आपल्या हातातल्या भोकाची दवंडी, हे मात्र मला फार उशिरा उमगले: हुकमाचा राजा मागितला की एक्का कोणाकडे आहे हे सगळ्या डब्याला कळते.

तुम्ही स्वतः मागितले गेलेले भिडू असायचात तेव्हाचा खेळ तर मी अजूनही आत्मसात करू शकलेले नाही. पहिल्या दोन-तीन हातांत तुम्ही बोलीवाल्याला एकही गुण न देता छक्क्या-सत्त्या टाकत राहायचात, समोरचे तुम्हाला आपले समजून तुमच्या हातावर दश्श्या टाकायचे, आणि मग तुमचा एक्का बाहेर यायचा. माझ्या चेहऱ्यावर मागितलेले पान लगेच दिसते असे बाकीचे अजून म्हणतात. ते खरे असावे.

गेल्या आठवड्यात मी 150 बोलले, दोन्ही एक्के बरोबर मागितले आणि 185 केले. तुमच्या जागी बसणारे नवे गृहस्थ तिर्रीच मागतात. त्यांना मी अजून काही बोललेले नाही.

एक राहिले. गड्डीतल्या चारही दुऱ्या तुम्ही चष्म्याच्या डबीत ठेवायचात, त्या तुमच्याबरोबरच घरी गेल्या आहेत. आम्हाला त्या लागत नाहीत. तरीही त्या परत करायला म्हणून एखाद्या सकाळी नाशिकरोडला फलाटावर या.

आपली कृतज्ञ,
खिडकीजवळची भिडू