शेंबडाचा रंग बघू नका, श्वास मोजा

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

सर्दीने बेजार झालेलं लेकरू मांडीवर घेऊन जे आईबाबा आत्ता बसलेत त्यांच्यासाठी हे पत्र लिहितेय, जमलं तर नक्की छापा.

माझा मुलगा आठ महिन्यांचा होता तेव्हा त्याची सर्दी चौथ्या दिवशी घट्ट हिरवी झाली आणि माझा धीरच सुटला, आता छातीत उतरलं असंच डोक्यात बसलं आणि अँटिबायोटिक द्याच म्हणत मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकाकडे फारसं बघितलंच नाही. झबलं वर केलं, तो रडायचा थांबेपर्यंत वाट बघितली आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतंय ते मोजलं. 38 भरले. मग मला मोजायला लावलं. हिरवा शेंबूड म्हणजे जंतूंचं इन्फेक्शनच असं काही नसतं, शरीरातल्या पांढऱ्या पेशी कामाला लागल्या की साध्या व्हायरल सर्दीतही रंग बदलतो, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट जुलाब लागतात, अंगावर पुरळ येतं. लहान मुलांना वर्षातून 6 ते 8 वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो, तेवढ्यासाठी डॉक्टर बदलत बसू नये.

घरी करायचं तसं थोडंच असतं. तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून नाक चोंदलं की दूध ओढताना मध्येच सोडून रडतात, दूध पाजायच्या आधी नाकासाठी मिळणारे सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब नाकात घातले की फरक पडतो. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका, फायदा काही नाही आणि गुंगी येते ती वेगळीच. मध एक वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. तापाला पॅरासिटामॉल, पण वयावर नाही तर वजनावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसनेच. आणि बाटली नीट वाचा हो, एकीत 5 मिलीला 120 मिग्रॅ औषध असतं तर दुसरीत 250, म्हणजे तोच चमचा आणि डोस दुप्पट. अ‍ॅस्पिरिन मुलांना नकोच.

अँटिबायोटिक कधीच लागत नाही असंही मी म्हणत नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा अचानक खूप दुखायला लागला, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, मानेच्या गाठी सुजल्यात आणि खोकला-सर्दी मात्र नाही, तर स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असू शकतो. डॉक्टर घशाचा स्वॅब घेतात. तो निघाला आणि पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर साधारण दहा दिवसांचा कोर्स असतो तो पुरा करायचा, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, कारण याच घशातून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मुलगा दहा महिन्यांचा असताना पुन्हा सर्दी झाली, यावेळी नाकातून नुसतं पांढरं पाणी, ताप जेमतेम. पण रात्री दोनला दूध घेईना आणि अंग कसंतरीच हलताना दिसलं. झबलं वर केलं, मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारला, मोजले. 58. पुन्हा मोजले, 60. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. तसंच उचलून दवाखान्यात गेलो. ब्रॉन्किओलायटिस निघाला, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज, दोन दिवस ऑक्सिजनवर होता. तिथेही अँटिबायोटिक लागलं नाही. पाण्यासारख्या सर्दीकडे बघून मी सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही.

म्हणून एक विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं: दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय, डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील, शांत असतानाही श्वास घेताना घशातून आवाज येत असेल, लाळ गिळता येत नसेल, दूध-पाणी बंद झालं असेल, बाळ उठवूनही नीट जागं होत नसेल तर आकडा बघत बसू नका, लगेच निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी. एवढंच एका चौकटीत, मोठ्या अक्षरात छापाल का? कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवता येईल एवढ्या आकारात.

आपली,
एक वाचक आई