फॉर्म पाठवण्याआधी वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास की लाइन गेली, ते विचारत नाही. ‘वॉशिंग्टनमधून मोंटानात आलो म्हणून शिकारीच्या परवान्याला मलाच जास्त फी, हा भेदभाव नाही तर काय, तुम्ही वकील ना बाबा?’ म्हणालास. म्हणून रात्री वाचत बसलो.

तुझ्याच मोंटानाचा खटला सापडला. बाल्डविनचा, 1978 चा. तेव्हा स्थानिकाला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना 9 डॉलरला. बाहेरच्याला 225 डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. सुप्रीम कोर्ट राज्याच्या बाजूने गेलं. हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नव्हे, आणि रान राखायचा खर्च स्थानिक माणूस करातून सोसतो. ब्रेनन धरून तीन न्यायमूर्ती तुझ्यासारखंच म्हणाले, पण तीनच. पोटाचा प्रश्न असला की हेच कोर्ट वेगळं बोलतं. साउथ कॅरोलायनाने कोळंबीच्या बोटीला स्थानिकांकडून 25 आणि परक्यांकडून 2500 डॉलर लावले होते, ते 1948 साली उडवलं. तू पगारदार, शिकार तुझ्या पोटाचा प्रश्न नव्हे. 2005 मध्ये तर अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, कायदाच करून राज्यांना असा फरक करायची मुभा दिली.

पैशांचं सोड, मी पाठवतो. फॉर्मवर ‘रहिवासी’ लिहू नकोस. रहिवासी ठरायला लागतात ते 180 दिवस तुला तिकडे जाऊन झालेले नाहीत. ‘कोण बघतंय’ म्हणणारा तुझा मित्र तिथला नागरिक आहे, तू व्हिसावर. व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येते ती शिकारीच्या परवान्याच्या आधारावर. तोच खोट्यावर काढलास तर बंदूक कशाच्या जोरावर हातात धरशील?

पुन्हा कोर्टात उभा राहिलो बघ. राहू दे.

अण्णांची ठासणीची बंदूक आठवते? डुकरं भातात उतरायची म्हणून परवाना होता. निवडणूक लागली की जुन्या धोतरात गुंडाळून चालत पोलीस ठाण्यात जमा करायचे. पावती देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली. तू ती पावती ओढलीस तेव्हा मार खाल्लास, माझा नव्हे, त्यांचा.

हंटर एज्युकेशन, तो शिकाऱ्यांचा कोर्स, पास झालास, ते सर्टिफिकेट आईने साऱ्या आळीला दाखवलं. एल्क सांबरापेक्षा मोठं असतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

फॉर्म आधी मला व्हॉट्सॲप कर. रहिवासीचा रकाना मी स्वतः बघणार, चिडलास तरी. नारिंगी जाकीट घेतलंस का? मामाची अँजिओग्राफी गुरुवारी आहे, त्याला फोन कर.

बाबा