आई-पप्पांना, बंगालातल्या श्रीरामपूरहून

प्रिय आई-पप्पा,

सलाम.

फोनवर हे काढलं की आईचा आवाज बदलतो आणि मग मी विषय भाजीपाल्यावर नेते, म्हणून शेवटी लिहितेय. बँकेतली बिनपगारी रजा मी वाढवून घेतलेली नाही. राजीनामा पाठवून दिलाय आणि तो मंजूरही झालाय. बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, पूर्ण करणार आहे. पप्पा, पाणी प्या आणि मग पुढचं वाचा. आई, तू पण बस त्यांच्याजवळ, ओट्यापाशी उभी राहून वाचू नकोस.

मी अविचारानं नाही हे केलं. पीएफला हात लावलेला नाही, दादूकडून एक रुपया घेतलेला नाही, बँकेत असताना साठवलेल्या पैशात फी आणि हॉस्टेल निघतंय. पुढं पोटाचं काय, तर शिकवता येतं, हॉस्पिटलमध्ये चॅप्लिन म्हणून रुग्णांना धीर द्यायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम असतं, बायबलच्या भाषांतराचं काम असतं, आणि आपल्या सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, बायकांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते हे पप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहितीय. बँकेएवढा पगार यातल्या कशातच नाही, ते मी धरूनच चाललेय.

पुण्यातल्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, पण इथल्याच श्रीरामपूर सिनेटची डिग्री मिळते मग एवढ्या लांब कशाला, हे पप्पांचं म्हणणं बरोबर आहे. पण पप्पा, हे कॉलेज १८१८ चं आहे, हे गाव तेव्हा डेन्मार्ककडे होतं आणि त्यांच्या राजानं १८२७ मध्ये डिग्री देण्याची सनद दिली, बी.डी. मात्र पहिल्यांदा दिली गेली ती १९१५ मध्ये. आणि तुम्हाला आवडेल असं म्हणजे, हे कॉलेज काढणाऱ्यांपैकी एक, मिशनरी विल्यम केरीसाहेब, त्यांनी मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये इथूनच छापला, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. तुम्ही मेमध्ये येऊन राहा, तुम्हाला लायब्ररीतून बाहेर काढायला मलाच यावं लागेल.

आई, आता तुझं. तू म्हणालीस, जास्त शिकलं की विश्वास जातो, अमक्याचा पोरगा सेमिनरीत गेला आणि उपासनेला यायचाच बंद झाला. तुझी भीती खोटी नाही. पहिल्या टर्मला बायबलमधल्या जुन्या कराराच्या तासाला सरांनी सांगितलं की यशयाचं पुस्तक एका माणसानं लिहिलेलं नाही असं बहुतेक अभ्यासक मानतात, चाळिसाव्या अध्यायापासून पुढचं यशयाच्या दीडेकशे वर्षांनंतरचं आहे. तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, कारण चाळिसावा अध्याय म्हणजे तू रोज रात्री कंदील बारीक करून म्हणायचीस तो, गरुडासारख्या पंखांचा, आणि मी तुझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायचे. मग सर सावकाश पुढं बोलले, की यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोकांना बाबेलला नेलं, तिथं घरदार गेलेल्या त्या थकलेल्या लोकांना धीर द्यायला हे शब्द आले. आणि मला एकदम आपलं ते वर्ष आठवलं, पप्पांचा पगार अडकला होता आणि मामाकडं राहत होतो ते. तू तेव्हा हाच अध्याय का धरलास ते मला त्या तासाला कळलं, आई. विश्वास गेला नाही गं. वही ओली झाली तेवढी.

इथं प्रश्न विचारले म्हणून कुणी रागवत नाही आणि रोज सकाळी प्रार्थना असते. हिब्रू उजवीकडून डावीकडं वाचायची, ती अजून जड जातेय. ‘धर्म’ नावाचा वेगळा विषयच आहे, त्यात हिंदू, बौद्ध, इस्लाम सगळं येतं. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्ताकडं आले ना, मग आपण तुकोबा वाचायला का घाबरायचं?

आणि पप्पा, हे फक्त तुमच्यासाठी. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस पहिलं पीक देवापुढं ठेवताना आपला पूर्वज भटका होता, हाल झाले, देवानं सोडवलं असं सगळं बोलून दाखवतो. अरविंद निर्मल म्हणून थोर धर्मशास्त्री होऊन गेले, आपल्या मराठी मंडळीतलेच. त्यांनी तो अध्याय स्वतःच्या दलित वाडवडिलांची आठवण ठेवून वाचला आणि दलित धर्मशास्त्र ऐंशीच्या दशकात तिथूनच उभं राहिलं. मी ते वाचलं आणि आबांची विहिरीची गोष्ट डोळ्यापुढं आली. तुम्ही ती घरात सांगितलीत, चर्चमध्ये कधीच नाही. तुमचा काळ वेगळा होता, शाळेची नोकरी होती, आम्हाला शिकवायचं होतं, ते मी समजते, खरंच. पण मला ती गोष्ट एक दिवस पुलपिटवरून सांगायचीय, आबांचं नाव घेऊन. त्यासाठी हे शिक्षण मला पुरतं पाहिजे, अर्धं नाही.

माझी काळजी करू नका. खोलीत आम्ही दोघी, दुसरी मिझोरामची, फार मायाळू आहे. मच्छरदाणी आहे, फिल्टरचं पाणी आहे. मोहरीच्या तेलाची सवय झाली, भात-मासे रोज, भाकरीची आठवण येते तेवढी. आवारातच आर्ट्स-सायन्सचं कॉलेज आहे, पोरापोरींची सारखी वर्दळ असते, एकटं वाटत नाही. आझाद हिंदला रात्री नगरला बसलं की मधला दिवस गाडीत आणि पहाटे हावडा, पुढं लोकल.

आता नीट ऐका. पप्पा, शुगरची गोळी जेवणाआधीची आधीच घ्यायची, संडे स्कूलला जायच्या गडबडीत विसरायची नाही, आणि तीन महिन्यांची तपासणी याच आठवड्यात करून रिपोर्टचा फोटो मला टाका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नाही. वरच्या टाकीचं तू बघायचं नाही, दादूला सांग. सोनईच्या स्थळाला मीच चांगल्या शब्दांत कळवते, तुम्हाला अवघड वाटायला नको. कुणी विचारलं तर बंगालातलं श्रीरामपूर म्हणा, नाहीतर लोकांना वाटेल मी बेलापूरशेजारीच आहे आणि घरी येत नाही. आणि पाळकसाहेबांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत पप्पांनी स्वतः जाऊन सांगावं, रविवारच्या आधी.

राग आला असेल तर दोन दिवस फोन करू नका, चालेल. तिसऱ्या दिवशी मीच करेन.

तुमची,
छकुली