'हॅमरहार्ट' पहिल्यांदा ऐकताना

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

वायकिंग मेटलची, म्हणजे वायकिंगांच्या जगाबद्दलच्या हेवी मेटल संगीताची, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. बाथरी या स्वीडिश बँडच्या 'हॅमरहार्ट' या अल्बमपासून कर. हॉस्टेलवर कुणाला विचारशील तर बहुतेक जण अमॉन अमार्थ सांगतील. बँड झकास आहे, पहिल्या फटक्यात आवडतो. पण तो मुळात मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजाचा पण सुरेल चालींचा मेटल. थॉर आणि ओडिन हे वायकिंगांचे देव येतात ते शब्दांतून. 'हॅमरहार्ट'मध्ये समुद्र आणि उत्तरेकडची थंडी चालीत आहे, गाण्याच्या लांबीत आहे. म्हणूनच तो आधी जड जातो.

बाथरी म्हणजे मुळात एकच माणूस, स्टॉकहोमचा गायक-गिटारवादक क्वॉर्थन. बाकीचे येत-जात राहिले. १९८४ च्या पहिल्या अल्बमपासून त्याची ओळख होती वेग, किंचाळणं आणि सैतान. पुढे त्याच्या लक्षात आलं की सैतान हीसुद्धा चर्चनेच दिलेली कल्पना आहे; मग चर्च येण्याआधी आपल्याकडे काय होतं, तिकडे तो वळला. १९८८ च्या 'ब्लड फायर डेथ'मध्ये हे वळण अर्धंमुर्धं दिसतं, १९९० च्या 'हॅमरहार्ट'मध्ये पूर्ण. तुला अर्ध्या वळणावरून सुरू करायला सांगत नाही, कारण तिथे मधली गाणी जुन्या वेगाची आहेत आणि तू गोंधळशील.

ऐकण्याआधी फोनमध्ये चार गोष्टी बघ. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) शून्यावर, नाहीतर गाण्यांच्या तोंडाशी असलेले हळू भाग आधीच्या गाण्यात बुडून जातात. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट लावलास तर ड्रमवरचा एको आणि खालची गिटार यांचा लगदा होतो. आणि फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत, उरते ती गिटारची खरखर आणि झांजा, आणि मग 'हा काय गोंगाट' असं वाटतं. आवाज निम्म्याच्या जरा वर पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबलला मात्र चारच तास. मेटलमध्ये शांत जागा कमी, त्यामुळे कान लवकर थकतात आणि थकलेला कान आवाज वाढवायला सांगतो. त्याचं ऐकू नकोस.

पूर्ण अल्बम साधारण ५५ मिनिटांचा. तिसऱ्या गाण्यानंतर थांबलीस तर चालेल, अर्धा तास तोवर होत आलेला असतो. मधूनच एखादं गाणं उचलून ऐकू नकोस.

पहिलं गाणं 'शोअर्स इन फ्लेम्स', ११ मिनिटांचं. आधी लाटा, मग साधी गिटार आणि हलक्या आवाजातलं गाणं. इथे आवाज वाढवायचा मोह होतो. वाढवू नकोस, पुढे सगळं एकदम अंगावर येतं. ते आलं की ड्रमकडे लक्ष दे. काहीही करामत नाही. सावकाश, जड, ठरलेल्या जागी घाव. वेगवान मेटलची सवय असलेल्यांना हे ढिलं वाटतं आणि पाचव्या मिनिटाला ते पुढे सरकतात. पण गिटारचा एकेक स्वर ताणून धरला जातो, त्यावर शब्द नसलेला समूहस्वर चढतो, आणि या दोन्हींना पसरायला जागा लागते. वेग वाढवला की ती जागाच जाते. गाण्यांची लांबी तिथूनच आली आहे.

आता क्वॉर्थनचा आवाज. इथेच बहुतेकांचं बिनसतं. किंचाळणं सोडून तो गायला लागला, पण गाणारा गळा त्याचा नव्हता. वरच्या स्वराकडे जाताना आवाज ताणतो, फाटतो, कधी सुरापासून सरळ घसरतो. हे सगळं तुला ऐकू येईल, कान शाबूत असल्याची ती खूण. पण मागचा समूहस्वर त्या वेळी काय करतो तेही ऐक. पोवाड्यात शाहिराचा आवाज चिरकला तरी झीलकरी सूर धरून ठेवतात, तसा तो चाल पेलून धरतो. तयारीचा गायक इथे बसवला असता तर गाणं नीटस झालं असतं आणि मेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'वल्हाला' आणि 'बॅप्टाइज्ड इन फायर अँड आइस' आपोआप पचतील. 'फादर टू सन'मध्ये बाप मुलाला वारसा सांगतो. शीर्षकात मुलगाच आहे, ते मनावर घेऊ नकोस. 'साँग टू हॉल अप हाय' अडीच मिनिटांचं, शांत. फोनकडे हात जायची ही वेळ, कारण थकवा तेव्हाच जाणवतो.

शेवटच्या मोठ्या गाण्याचे, 'वन रोड (rode) टू आसा बे'चे, शब्द मात्र आधी वाचून ठेव. एक घोडेस्वार जंगलातून उपसागराकाठच्या वस्तीत येतो, नव्या देवाची बातमी ऐकून, ते नवल डोळ्यांनी बघायला. मग जबरदस्तीचा बाप्तिस्मा आणि गावकऱ्यांच्याच हातून बांधलं जाणारं देऊळ. देऊळ उभं राहिलं, आता तरी हे लोक आपल्याला सोडतील, असं वाटतं, तेव्हा रानातून म्हातारा कावळा सांगतो की ही तर सुरुवात आहे. ओडिनला जगभरच्या बातम्या आणून देणारे त्याचे दोन डोमकावळे आठव, म्हणजे हा कोण ते कळेल. लढाईचा जोष विकणाऱ्या या प्रकारातलं बहुधा सर्वांत चांगलं गाणं हरलेल्यांचं आहे, हे मला फार बरं वाटतं.

मुखपृष्ठावरचं चित्र फ्रँक डिकसीचं, १८९३ चं. मूळ मँचेस्टरच्या कलादालनात आहे. वायकिंगाची अंत्ययात्रा आहे, पेटलेलं जहाज समुद्रात लोटताहेत. दिसतं जबरदस्त, पण त्याला इतिहास समजू नकोस. नॉर्वेतलं ओसेबर्गचं जहाज ८३४ साली प्रेतांसह मातीच्या ढिगाखाली पुरलेलं होतं. जहाज जाळल्याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन ९२२ सालच्या इब्न फदलान या अरब प्रवाशाचं आहे. तेही रशियातल्या व्होल्गा नदीकाठी, आणि जहाज आधी किनाऱ्यावर ओढून. शिंगांच्या शिरस्त्राणांचंही तसंच. ती लोकप्रिय झाली १८७६ च्या, जर्मनीतल्या बायरॉइटमधल्या, वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरापासून, कार्ल एमिल डोपलरने काढलेल्या वेशभूषेमुळे. १९ व्या शतकाने रंगवलेला वायकिंग या संगीतात आहे. तसाच ऐकावा.

टी-शर्ट घेण्याआधी त्यावरचं चिन्ह बघून घे. ओथाला हा रून (जुन्या उत्तर युरोपीय लिपीतलं अक्षर) आणि असली आणखी काही चिन्हं नाझींनी वापरली, आजही त्यांच्या वारसदारांच्या झेंड्यांवर दिसतात. थॉरचा हातोडा बहुतेक लोक निरुपद्रवी अर्थानेच घालतात. पण ज्या बँडचं राजकारण ठाऊक नाही, त्याचा कपडा अंगावर घालू नये.

आवडला तर पुढे १९९१ चा 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स', आणखी संथ. मग नॉर्वेच्या एन्स्लेव्हडचा १९९४ चा 'फ्रॉस्ट'. तिथे वेग आणि किंचाळणं परत येतं. फिनलंडच्या मूनसॉरोचा २००७ चा अल्बम सगळ्यात शेवटी, त्यात दोनच गाणी आहेत आणि प्रत्येक पंचवीस मिनिटांच्या वर. नाही आवडला तर आठवडा जाऊ दे, शेवटचं गाणं तेवढं पुन्हा ऐक, आणि मग खुशाल सोड.

हेडफोनचे पॅड फाटलेत म्हणालीस, ते आधी बदल. पॅड कानाला नीट चिकटला नाही की सगळ्यात आधी बास गळतो, आणि मग तू क्वॉर्थनला नावं ठेवशील.

तुझा,
बाबा