नेरुळच्या मैदानावरच्या निळ्या टीशर्टवाल्या ताई, तुमचे 200 रुपये माझ्याकडे आहेत

ताई नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी ओळखेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. खूण सांगते. मागच्या शनिवारी नेरुळला मैदानावर तो आशियाई फेस्टिव्हल होता ना, जपान, कोरिया, थायलंड सगळ्यांचे स्टॉल, तिथे गेटमधून आत आलं की उजवीकडे तुम्ही व्हॉलंटियरचा निळा टीशर्ट घालून उभ्या होतात आणि केसात अबोलीचा गजरा. तो गजरा बघूनच आई तुमच्याकडे आली, नाहीतर ती परत जायलाच निघाली होती.

आम्ही ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने आलेलो, मी, आई आणि माझा सहा वर्षांचा लेक. असल्या ठिकाणी तिघंही पहिल्यांदाच. आईचं आधीपासून चालू होतं की हे कॉलेजच्या पोरांचं काहीतरी आहे, आपलं काय काम, आणि आज शनिवार म्हणजे खायला पण काही मिळायचं नाही. त्यात कूपनच्या काउंटरला पोचलो तर एवढ्या गर्दीत नेटवर्क गायब, यूपीआयचं ते गोल फिरतंय फिरतंय, मागची लाइन वैतागलेली, माझ्या पर्समध्ये रोख 30 रुपये आणि लेक रडायच्या बेतात. तुम्ही कुठून आलात कळलंच नाही, 200 ची नोट पुढे केलीत आणि म्हणालात, "घ्या हो, नेटवर्क आलं की द्या." नेटवर्क आलं ते परतीच्या गाडीत, जुईनगरला.

पण खरे आभार पुढच्यासाठी. मी आईला मिसो सूप घेऊन देत होते, वर टोफू, कांद्याची पात, मला वाटलं व्हेजच असणार. तुम्ही मध्येच, "आईंना शनिवार आहे ना, मग नका देऊ. ह्याच्या पाण्याला दाशी म्हणतात, बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाची असते. आपण सुकट उकळून पाणी काढलं तर कसं, तसं समजा." आणि थाई पपईच्या सॅलडचं पण तेच, त्यात फिश सॉस आणि सुकी कोलंबी. मी तर ते कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणून घेणारच होते! मग तुम्ही स्टॉलवाल्याला नीट विचारून आईला तो भाताचा त्रिकोणी गोळा दिलात, आत खारवलेलं प्लम आणि बाहेर काळ्या कागदासारखं समुद्री शेवाळ. शेवाळ शनिवारी चालतं का ह्यावर आईने दोन मिनिटं घेतली. "पाण्यातला पालाच तो," तुम्ही म्हणालात, तेव्हा कुठे तिने घास घेतला, आणि मग काय, "हे तर लोणचंच आहे की गं, फक्त तेल आणि हिंग नाही."

तो चिनी सिंहाचा नाच पण झाला मध्ये. आत दोन माणसं असतात आणि तो सिंह सॅलडचा पाला खाऊन लोकांवर उडवतो, शुभ असतं म्हणे. लेकाच्या डोक्यावर एक पान पडलं ते त्याने घरी आणलंय, अजून फ्रीजमध्ये आहे, टाकू देत नाही.

आणि मग बोन ओदोरी, तो जपानी नाच. मधोमध बांबूचं मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती गोल करून नाचणारी माणसं. बसायच्या खुर्च्या सगळ्या पाहुण्यांसाठी राखीव, आईचे गुडघे धरलेले, तर तुम्ही ढोलवाल्यांच्या तंबूतून एक स्टूल उचलून आणलंत. आई दोन गाणी बसून बघत होती आणि एकदम म्हणाली, "भोंडलाच आहे हा, फक्त मधे हत्ती नाही." तुम्ही हसलात आणि सरळ तिचा हात धरून तिला उठवलंत. पुढचं गाणं जपानातल्या क्युशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचं होतं, त्याच्या स्टेप्स तुम्ही तिला मराठीत सांगत होतात: खण खण, खांद्यावर टाक टाक, मागे वळून चंद्र बघ, गाडी ढकल ढकल, हात पसर आणि टाळी. "आमच्या कोळी नाचात वल्हं मारतात, जाळं ओढतात, तसंच हे," असं म्हणालात. मला गंमत वाटली ती ह्याची की आईचं "मागे बघ" दर वेळी उशिरा यायचं, त्यामुळे सगळे पुढे ढकलतायत आणि ही एकटी चंद्र बघतेय, आणि तुम्ही तिच्यासाठी थांबून परत "खण खण" सुरू करताय. तीन फेऱ्या झाल्या. चप्पल माझ्या हातात.

नंतर तुम्ही सांगितलंत की जपानात हा नाच ओबोनला असतो, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या मध्यात, तेव्हा पूर्वज घरी येतात असं मानतात. आई एकदम गप्प. पितृपक्षात नाच म्हणजे तिला जरा पचायला वेळ लागला असणार. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुझ्या बाबांनी बघितलं असेल तर बरं नाही झालं, माझा नाच त्यांना कधीच आवडला नाही." आणि ऐरोलीपर्यंत हसत होती.

निघताना तुम्हाला खूप शोधलं, ड्युटी संपली म्हणे. तुम्ही बोलता बोलता दिवाळे गावाचं नाव काढलं होतंत, तेवढाच धागा आहे. यूपीआय करू म्हणलं तर आई म्हणते तसं नाही द्यायचं, हातात द्यायचं, म्हणून 200 रुपये वेगळे काढून देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेत. सोबत तिच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी पण आहे, त्या प्लमला उत्तर म्हणून. कळवा, आम्ही दिवाळ्याच्या बाजारात येऊन भेटतो, फक्त शनिवार नको, म्हणजे आईला मासे पण घेता येतील.