मा. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र : बोटीवरचा डबा कुणाच्या नावावर आहे?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीत लिखापढीचं काम करते. डिझेल परताव्याची कागदपत्रं, बोटींच्या परवान्यांचं नूतनीकरण, विम्याचे फॉर्म, खलाशांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स, सगळं माझ्या टेबलावरून जातं. माझा धाकटा भाऊ तांडेल आहे, म्हणजे बोट हाकणारा म्होरक्या. हे पत्र त्याच्या एका रात्रीमुळे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर तो आणि पाच खलाशी मासेमारीला गेले. बोट जुनी, आदल्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातून विकत घेतलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाफ्टच्या जागेतून पाणी आत यायला लागलं. पंप चालेना, मोबाइलला रेंज नाही, किनारा दृष्टीला पडत नव्हता. केबिनमध्ये संकटाचा इशारा देणारं यंत्र होतं. सरकारी कागदावर त्याला डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर म्हणतात, जाणकार डॅट म्हणतात, आमच्या धक्क्यावर नुसतं ‘डबा’. भावाने बटण दाबलं.

डब्याने आपलं काम चोख केलं. संदेश उपग्रहामार्फत बेंगळुरूला पोचला, बोट कुठे आहे ते कळलं, आणि डब्यामागे नोंदलेल्या नंबरावर फोनही गेला. तो नंबर आधीच्या मालकाचा होता. त्याने तो केव्हाच सोडला होता आणि आता तो घाटावरच्या एका कॉलेजच्या मुलाकडे होता. ‘तुमची बोट संकटात आहे का?’ असं कुणी अनोळखी माणूस विचारू लागल्यावर तो बिचारा काय समजणार? फसवणुकीचा फोन म्हणून त्याने कापला. हे सगळं आम्हाला नंतर समजलं.

रात्री नवाच्या सुमारास पोलीस गावात आले ते भलत्याच नावाच्या बोटीची चौकशी करत. बोट घेतल्यावर आम्ही तिचं नाव बदलून कुलदेवीचं ठेवलं होतं. डब्याच्या नोंदीत जुनंच नाव होतं. धक्क्यावरच्या माणसांनी मनापासून सांगितलं, या नावाची बोट आमच्या गावात नाही. त्या वेळी मी धक्क्यापासून दोनशे पावलांवर, घरात भाकऱ्या भाजत होते. साडेदहाला एका म्हाताऱ्या नाखव्याला ते जुनं नाव आठवलं आणि आमचं दार वाजलं.

पहिला प्रश्न होता, बोटीवर माणसं किती आणि कोण? मला चार नावं सांगता आली. उरलेले दोघे नेपाळचे. त्यांना सगळे बहादूर म्हणत, एक मोठा बहादूर आणि एक छोटा. त्यांची खरी नावं मी त्या रात्री सोसायटीचं कपाट उघडून, टॉर्चच्या उजेडात झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून शोधली. छोट्या बहादूरचं वय एकोणीस होतं. त्याच्या घरचा फोन नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

पहाटे दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढत आणलं. सहाही जण जिवंत. रात्रभर बादल्यांनी पाणी उपसून भावाच्या तळहातांची कातडी सोलली होती. तो एकच सांगत होता, बटण दाबल्यावर हाक कुणापर्यंत पोचली की नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. तासातासाला तो त्या डब्याकडे बघत होता.

साहेब, मला कुणावर खापर फोडायचं नाही. त्या बोटीच्या विक्रीचे कागद मी माझ्या हाताने लिहिले होते. इंजिनाचा नंबर, जाळी, विंच, बर्फाच्या पेट्या, वायरलेस सेट, लाइफ जॅकेट, सगळं त्यात होतं. डब्याचा नंबर घालायचं मला सुचलं नाही. माझ्यासमोरच्या कुठल्याही कागदावर त्याच्यासाठी रकाना नव्हता. आज मी तुमच्याकडे मागते आहे तो तेवढाच, एक रकाना, आणि तो दर वर्षी तपासणारा एक माणूस.

त्या रात्रीनंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. १९७९ मध्ये, शीतयुद्ध जोरात असताना, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स हे चार देश संकटातल्या माणसांसाठी एकत्र आले आणि कोस्पास-सारसॅट ही उपग्रहांची यंत्रणा उभी राहिली. १९८२ च्या सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली माणसं तिच्यामुळे वाचली, ती पहिली सुटका. आज जहाजांवरचे ईपर्ब, विमानांतले ईएलटी आणि गिर्यारोहकांनी जवळ बाळगायचे पीएलबी ४०६ मेगाहर्ट्‌झवर हीच यंत्रणा वापरतात. भारत तिच्यात सहभागी आहे. उपग्रहाकडून इशारे घेणारी आपली स्थानकं बेंगळुरू आणि लखनौला आहेत. आमच्या लहान बोटींसाठी इस्रोने डॅट वेगळा बनवला, तो २०१० पासून चालू आहे, आणि त्याचे इशारेही बेंगळुरूच्या त्याच नियंत्रण केंद्रात उतरतात. तिथून ते तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्राकडे जातात, आपल्या किनाऱ्यासाठी मुंबईला.

आता यातली मेख बघा. बीकन, म्हणजे संकटाचा इशारा देणारं असं कुठलंही यंत्र, हाक मारतो तेव्हा तो नाव, गाव, माणसं काहीच सांगत नाही. ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन पंधरा अक्षर-अंकांची एक खूण पाठवतो. तिच्यात देशाचा आकडा असतो, भारताचा ४१९. डॅटचंही तसंच, त्याचा त्याचा क्रमांक असतो. त्या खुणेवरून नोंदवही उघडायची आणि बोट कुठली, मालक कोण, फोन कुणाला करायचा ते बघायचं. नोंद नसली तरी शोध घेतला जातो, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण जगभर येणाऱ्या या इशाऱ्यांपैकी बहुसंख्य खोटे निघतात. कुणी केबिन धुताना बटण दाबतं, कुठे भंगारात टाकलेला डबा अचानक बोलायला लागतो. नोंद बरोबर असली की एका फोनवर उलगडा होतो. ‘बोट धक्क्याला बांधलेली आहे’ असं घरच्यांनी सांगितलं की विमानं, जहाजं उगाच धावत नाहीत. ‘मंगळवारी गेलेत, सहा जण आहेत, पांढरी बोट, निळा पट्टा’ असं कळलं की काय शोधायचं ते शोधणाऱ्याला समजतं. फोन लागलाच नाही तर सुरुवातीचे तास, जेव्हा माणूस बोटीला धरून असतो, चौकशीत जातात.

२०१८ च्या सप्टेंबरात नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून जवळजवळ १९०० सागरी मैलांवर, वादळाने गोव्यात बांधलेल्या त्यांच्या ‘तुरीया’ची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसून ते जागेवरून हलू शकत नव्हते. तीन दिवसांत फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या जहाजाने त्यांना उचललं. आपली विमानंही तिथवर गेली होती. त्या हाकेमागे कोण आहे, बोट कशी आहे, कुणाला विचारायचं, हे पहिल्या मिनिटापासून सर्वांना ठाऊक होतं. हर्णैच्या किंवा देवगडच्या खलाशामागे अशी शर्यत नसते, बातम्या नसतात. त्याच्यामागे फक्त ती नोंद असते.

डिसेंबर २०१७ मधलं ओखी वादळ तुम्हाला आठवत असेल. केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी, ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले. आपल्या माणसांनी त्यांना खाऊपिऊ घातलं. त्या दिवसांत तिकडे बेपत्ता किती, याचे आकडे रोज बदलत होते, कारण कोण कुठल्या बोटीवर गेलंय याची धड यादीच नव्हती. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणाने स्वतः ते भोगलं आहे.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारं आणि निरोप देणारं-घेणारं यंत्र, बसवायच्या योजनेची सुरुवात झाली, ३६४ कोटींची. फार चांगलं काम आहे. इस्रोचा दुसऱ्या पिढीचा डॅटही आता उलट निरोप देतो, तुमची हाक पोचली म्हणून. माझ्या भावाला त्या रात्री एवढं कळलं असतं तरी हातांना वेगळं बळ आलं असतं. पण नव्या यंत्रालाही ते कुणाचं आहे हे आम्हीच सांगायचं आहे. बसवायला येणारा तंत्रज्ञ घाईत असतो. आमच्या गावात एका बोटीवर यंत्र बसवताना मी समोर उभी होते. मालक बाजाराला गेला होता, म्हणून फॉर्मवर मोबाइल नंबर टाकला गेला तो तिथे उभ्या असलेल्या पुतण्याचा. तो पुतण्या वर्षातले आठ महिने मुंबईत नोकरीला असतो.

म्हणून माझी विनंती अशी. परवान्याचं नूतनीकरण आणि बोटीचं हस्तांतरण, या दोन्ही अर्जांत संकटसूचक यंत्राचा क्रमांक, त्यामागे आज नोंदलेलं नाव आणि दोन फोन नंबर सक्तीचे करा. बोट विकली की विकणाऱ्याच्या नावावरून यंत्र उतरलं आणि घेणाऱ्याच्या नावावर चढलं, याची पोच लागल्याशिवाय हस्तांतरण पुरं धरू नका. दोन नंबरांतला एक किनाऱ्यावरच्या माणसाचाच हवा. तांडेलाचा स्वतःचा मोबाइल दर्यात त्याच्याबरोबरच बुडायला निघालेला असतो, तिथे फोन करून काय कळणार? बहुतेक घरांत तो नंबर बाईचा असेल. बोट कधी गेली, कधी यायची, जेवणाचे डबे किती भरून दिले, हे तिला तोंडपाठ असतं. खलाशांची यादी सोसायटीत ठेवा, खऱ्या नावांची, आणि त्यांच्या घरच्या नंबरांसकट. बोट भंगारात काढली की डबा कार्यालयात जमा व्हावा.

दंड लावू नका. दंडाच्या भीतीने माणसं यंत्रच लपवतील. पण डिझेल परताव्याचा अर्ज बघा, त्यात एक अक्षर चुकलेलं नसतं. पैसे अडतात म्हणून मालक स्वतः येऊन माझ्या शेजारी बसून आकडे तपासतो. त्याच बैठकीत, त्याच कागदावर यंत्राची नोंदही तपासली गेली तर त्याला फेरा पडणार नाही. अर्ज मराठीत असावा. ‘युनिक आयडेंटिफिकेशन’ असं छापलेल्या चौकटीत माझ्याकडे लोकांनी आधार नंबर भरून आणला आहे.

नोंदवही बेंगळुरूला आहे, ती राज्याची नाही, हे मला माहीत आहे. पण बोट ज्याच्या दारात उभी आहे तो परवाना अधिकारी तुमचा आहे. ऑस्ट्रेलियात अशी नोंद फुकट होते आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. आपल्याकडे तर त्यासाठी वेगळा मुहूर्तही शोधायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सगळ्या बोटी वर ओढलेल्या, तांडेल घरी, नाखवे घरी, जाळी विणत बसलेले. प्रत्येक बंदरावर दोन दिवसांचं शिबिर लावलं, यंत्र पुढ्यात ठेवून त्यावरचा क्रमांक वाचला, नोंदलेल्या नंबरावर तिथल्या तिथे फोन करून तो वाजतो का पाहिलं, तर नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात उतरतील तेव्हा प्रत्येक डब्यामागे एक जागा माणूस असेल.

मी आमच्या सोसायटीपुरतं सुरू केलं आहे. वहीत आतापर्यंत तेवीस बोटी झाल्या. त्यांतल्या नऊ बोटींच्या डब्यामागचा नंबर लागत नव्हता किंवा भलत्याच माणसाने उचलला. भावाच्या डब्यावर मी रंगाने बोटीचं नवं नाव आणि माझा नंबर लिहिला आहे. खऱ्या नोंदीत तो चढवायला मात्र आम्हाला चार महिने आणि अनेक फोन लागले. सगळ्यांना ते जमणार नाही.

पावसाळी बंदीला आता थोडेच दिवस आहेत. तुमचा माणूस पाठवा. सोसायटीच्या ओट्यावर टेबल-खुर्ची, वही आणि पंखा मी तयार ठेवते. बायकांना फोन घेऊन यायचा निरोपही मीच देईन.

आपली विश्वासू,
एका मच्छीमार सोसायटीतली लेखनिक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी